दर अठ्ठाविसाव्या दिवशी नवा नकाशा



डेन्व्हरच्या विमानतळावरून तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी गेले असतील. लांबून तंबूंची रांग वाटावी असं पांढरं छप्पर असलेली ती मोठी इमारत. तिचं नाव जेपेसन टर्मिनल. या देशात विमानतळांना नावं मिळतात ती राष्ट्राध्यक्षांची, सेनापतींची, फार तर एखाद्या महापौराची. एलरी जेपेसन यातला कोणीच नव्हता. तो टपालाची विमानं चालवणारा पायलट होता आणि त्याने एक वही लिहिली होती. आजचा इतिहास त्या वहीचा आहे. तिच्यात एकदा लिहिलेलं खरं राहावं म्हणून गेली नव्वद वर्षं जी मेहनत चालली आहे, तिचा तर जास्तच. ही मेहनत नेमकी कोणाच्या गळ्यात पडते, याकडे मी तुमचं लक्ष वेधणार आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. आभाळ स्वच्छ असेल तर पायलट धावपट्टी डोळ्यांनी पाहून उतरतो. ढग खाली आले, धुकं पसरलं की त्याला विमानातल्या काट्यांवर आणि रेडिओच्या खुणांवर भरवसा ठेवून खाली यावं लागतं. ते कसं यायचं हे एका कागदावर छापलेलं असतं. त्याला इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच चार्ट म्हणतात. साधारण वहीच्या पानाएवढा कागद. कोणती फ्रिक्वेन्सी लावायची, कोणत्या दिशेने यायचं, कुठल्या ठिकाणापर्यंत किती उंचीच्या खाली जायचं नाही, आणि शेवटच्या उंचीवर येऊनही धावपट्टी दिसली नाही तर कुठे वळून पुन्हा वर चढायचं, हे सगळं त्यात असतं. नेहमीच्या आयएलएस पद्धतीत ही शेवटची उंची बहुतेक ठिकाणी जमिनीपासून फक्त २०० फूट असते. वीस मजली इमारतीएवढी. तिथपर्यंत पायलट आंधळा असतो आणि तो कागद त्याची काठी असतो.

आता ती काठी दोन महिन्यांपूर्वीची असेल तर? मधल्या काळात वाटेत मोबाइलचा टॉवर उभा राहिलेला असू शकतो. फ्रिक्वेन्सी बदललेली असू शकते. एवढंच काय, पृथ्वीसुद्धा गप्प बसत नाही. धावपट्टीचा क्रमांक होकायंत्राच्या दिशेवरून ठरतो आणि चुंबकीय उत्तर हळूहळू सरकत राहते. म्हणून २०११ च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या टॅम्पा विमानतळाला आपली १८ क्रमांकाची धावपट्टी बंद ठेवून तिच्यावर १९ रंगवावं लागलं. डांबर जागच्या जागी होतं, पण जुना चार्ट चुकीचा झाला. आपल्याकडे पाडव्याला नवं पंचांग आणतात, गेल्या वर्षीच्या पंचांगावर कोणी मुहूर्त काढत नाही. तसंच हे, फक्त इथला पाडवा दर अठ्ठावीस दिवसांनी येतो.

सुरुवातीला असलं काहीच नव्हतं. १९२१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को मार्गाचं एक पुस्तक काढलं, त्यात वाटेतले रूळ, नद्या, गावं आणि उतरण्याच्या जागांची वर्णनं होती. बाकी पायलट रस्त्यांचे नकाशे घेऊन उडायचे आणि आगगाडीच्या रुळांवर नजर ठेवायचे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने कॉकपिटवर आच्छादन ओढून, बाहेर काहीही न बघता, फक्त उपकरणांवर विमान उडवलं आणि उतरवलं. ढगातून उतरणं शक्य आहे हे त्या दिवशी सिद्ध झालं. पण प्रत्येक गावी कुठून उतरायचं हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

जेपेसनचा जन्म १९०७ चा. आईवडील डेन्मार्कहून आलेले, बालपण ओरेगनमध्ये. हवाई कसरतींच्या सर्कशीत काम करत तो पायलट झाला. १९३० मध्ये तो बोइंग एअर ट्रान्सपोर्टमध्ये लागला आणि शायेन ते सॉल्ट लेक सिटी या मार्गावर टपाल नेऊ लागला. खाली वायोमिंगचे डोंगर, हिवाळ्यात बर्फाची वादळं. त्या मार्गावर त्याचे सोबती पायलट मरत होते.

तेव्हा त्याने दहा सेंटची, सुटी पानं घालता-काढता येणारी एक काळी वही विकत घेतली. तो मैदानांची लांबी मोजायचा, उतार कुठल्या बाजूला आहे, पाणी कुठे तुंबतं ते लिहायचा. अल्टिमीटर बरोबर घेऊन टेकड्या चढायचा, धुराड्यांची आणि पाण्याच्या टाक्यांची उंची नोंदवायचा. मला सगळ्यात आवडतं ते हे की वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही त्यात होते. निघण्यापूर्वी फोन करून विचारायचं, तुमच्याकडे आभाळ कसं आहे? म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या वहीत दोन प्रकारची माहिती होती. एक, टेकडीसारखी न हलणारी. दुसरी, तासाभरात शिळी होणारी.

त्या काळात वाट दाखवायचं काम रेडिओ रेंज करायचे. आपण रेडिओवर आहोत, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जमिनीवरचं केंद्र दोन बाजूंना मोर्स संकेतातली दोन अक्षरं पाठवायचं. एका बाजूला ए, म्हणजे डिट-डा. दुसऱ्या बाजूला एन, म्हणजे डा-डिट. पायलट बरोबर मध्यावर असला की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून एक सलग सूर ऐकू यायचा. सुरावर राहायचं, केंद्राच्या अगदी डोक्यावर आल्यावर आवाज क्षणभर नाहीसा व्हायचा आणि तिथून मोजून खाली उतरायचं. कानाने उतरणं होतं ते. पण किती मोजायचं, कुठे थांबायचं? ते वहीत.

सोबतचे पायलट वहीच्या नकला मागू लागले. आधी त्याने फुकट दिल्या. १९३४ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या घराच्या तळघरात धंदा सुरू केला आणि एक प्रत दहा डॉलरला विकू लागला. १९३६ मध्ये नेडीन लिस्कॉम्बशी लग्न झालं. ती विमानात होस्टेस होती. दोघांनी मिळून हा धंदा वाढवला. १९४१ मध्ये कंपनी डेन्व्हरला आली. जेपेसन स्वतः मात्र १९५४ पर्यंत युनायटेडची विमानं उडवत राहिला.

एमबीएच्या वर्गात आम्हाला दाढीच्या ब्लेडचं उदाहरण घोकायला लावायचे. रेझर स्वस्तात विका, पैसा ब्लेडमध्ये आहे. माझ्या मते जेपेसनचं उदाहरण त्याहून सरस आहे. त्याचा खरा माल वही नव्हता. वही एकदा घेतली की संपलं. माल होता तो दुरुस्तीच्या पानांचा, कारण आज विकत घेतलेली माहिती काही आठवड्यांनी धोकादायक होणार होती. सुट्या पानांची वही निवडण्यात धंद्याची हुशारी होती असं मला वाटत नाही. बहुधा दुकानात ती स्वस्त मिळाली असेल. पण एक पान काढून दुसरं घालता येणं या एकाच सोयीवर पुढची साठ-सत्तर वर्षं उभी राहिली.

सरकारही चार्ट छापत होतं. आधी किनारे मोजणारं कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे हे खातं, पुढे नॅशनल ओशन सर्व्हिस, आणि २००० पासून एफएए. सरकारी चार्टची तऱ्हा वेगळी. ते विभागवार बांधलेल्या पुस्तकात यायचे. दर ५६ दिवसांनी पूर्ण पुस्तक नवं, मध्ये २८ दिवसांनी बदलांची एक पुरवणी. जुनं पुस्तक सरळ कचऱ्यात. जेपेसनचं ग्राहक व्हायचं तर सात कड्यांचे जाड बाइंडर, बायबलसारखा पातळ कागद, आणि दर दोन आठवड्यांनी टपालाने येणारं पाकीट.

त्या पाकिटाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. पाकिटात कधी पंधरा पानं, कधी शंभर. सोबत यादी: हे पान काढा, हे घाला, ते फाडून टाका. पान चुकीच्या जागी गेलं तर चार्ट असूनही सापडणार नाही. जुनं पान काढायचं राहिलं तर एकाच विमानतळाचे दोन चार्ट, आणि अंधाऱ्या कॉकपिटमध्ये हाताला येईल तो. शेवटी पहिल्या पानावरच्या तक्त्यात तारीख घालून सही करायची. एक पाकीट टपालात हरवलं तर पुढच्या पाकिटाचा हिशोब जुळत नाही. विमान कंपन्यांचे पायलटही याला वैतागत, पण त्यांच्यामागे निदान एक ऑफिस असे. खासगी पायलट म्हणजे दिवसा दवाखाना किंवा दुकान चालवणारा, शनिवारी चार सीटचं सेसना भाड्याने घेणारा माणूस. त्याचं चार्टचं खातं म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. घरातल्या मुलांना थोडे पैसे देऊन पानं लावून घेण्याची पद्धतही अनेक घरांत होती. एका विमानाची सुरक्षितता एका शाळकरी पोराच्या चिकाटीवर!

हे बदल कधी लागू व्हायचे यालाही शिस्त लागली. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९६४ मध्ये एआयआरएसी नावाची पद्धत स्वीकारली. महत्त्वाचे बदल जगभर एकाच दिवशी, दर २८ दिवसांनी येणाऱ्या गुरुवारी लागू होतात. माहिती बेचाळीस दिवस आधी पाठवायची, म्हणजे ती लांबच्या माणसाच्या हातात निदान अठ्ठावीस दिवस आधी पडते. अमेरिकेतले चार्ट त्या गुरुवारी जागतिक वेळेनुसार ९ वाजून १ मिनिटाला बदलतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कला तेव्हा पहाटेचे ४ वाजून १ मिनिट झालेलं असतं, पुण्यात दुपारचे २ वाजून ३१. मी संगणकप्रणाली बदलण्याचं काम करतो. सगळ्या जगाने एकाच मिनिटाला नव्या आवृत्तीवर जायचं, हे ऐकूनच आमच्या धंद्यातल्या माणसाला घाम फुटेल. यांनी ते टपालाच्या भरवशावर केलं.

पण चार्ट ताजा असला म्हणजे झालं का? १ डिसेंबर १९७४ ची सकाळ. टीडब्ल्यूएची ५१४ क्रमांकाची फ्लाइट वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर जायची होती, तिथे वारा जोराचा म्हणून डलसकडे वळवली. कंट्रोलरने ॲप्रोचची परवानगी दिली. चार्टवरचं वरून दाखवणारं चित्र सांगत होतं की राउंड हिल या ठिकाणापर्यंत ३,४०० फुटांच्या खाली येऊ नका. बाजूने दाखवणारं चित्र मात्र राउंड हिलपासूनच सुरू होत होतं आणि तिथला आकडा होता १,८००. कॉकपिटमध्ये यावर बोलणं झालं, आणि परवानगी मिळाली म्हणजे खाली यायला हरकत नाही असा अर्थ काढला गेला. विमान माउंट वेदरच्या कड्यावर, सुमारे १,६७० फुटांवर आदळलं. ९२ माणसं गेली. दोष कोणाचा यावर चौकशी मंडळातच तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली.

मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त छळते. सहा आठवडे आधी युनायटेडचं एक विमान याच ठिकाणी, याच गैरसमजाने खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या पायलटांना सावध केलं. ती सूचना कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. टीडब्ल्यूएसारख्या बलाढ्य कंपनीपर्यंत जी गोष्ट पोचली नाही, ती शनिवारी सेसना उडवणाऱ्या दुकानदारापर्यंत कशी पोचणार? या अपघातानंतर १९७६ मध्ये नासाच्या देखरेखीखाली एक व्यवस्था सुरू झाली. तिथे कोणीही पायलट, खासगीसुद्धा, आपल्याला आलेली अडचण नाव गुप्त ठेवून कळवू शकतो आणि ती सगळ्यांना वाचायला मिळते.

मग प्रश्न कोर्टात गेला: चार्ट चुकला तर भरपाई कोणी द्यायची? १९६४ मध्ये बोनान्झा एअरलाइन्सचं विमान लास व्हेगासजवळ टेकडीवर आदळून २९ जण गेले होते. चार्टवरची दोन चित्रं एकाच प्रमाणात काढल्यासारखी दिसायची, पण प्रत्यक्षात त्यांच्या प्रमाणात पाचपटीचा फरक होता. १९८१ मध्ये अपील कोर्टाने हा चार्ट म्हणजे सदोष वस्तू मानली. पुस्तकातला मजकूर नव्हे, तर ब्रेक नीट न लागणाऱ्या गाडीसारखी वस्तू.

दोन वर्षांनी आलेला निकाल थेट छोट्या विमानाचा होता. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एक बीचक्राफ्ट डोंगरावर आदळलं होतं. जेपेसनच्या एका नकाशात तिथे पूर्ण आयएलएस दाखवली होती, म्हणजे डावं-उजवं सांगणारी खूण आणि खाली उतरण्याचा कोन सांगणारी खूण, दोन्ही. प्रत्यक्षात तिथे फक्त पहिलीच होती. याही वेळी कोर्टाने नकाशाला वस्तूच ठरवलं. १९८५ चा निकाल तर आणखी पुढे गेला. १९७३ मध्ये अलास्कात कोल्ड बेजवळ मालवाहू विमान पडून सहा जण मेले होते. जेपेसनचं म्हणणं, उतरण्याची पद्धत सरकारने आखली, आम्ही फक्त चित्र काढलं. कोर्ट म्हणालं, चित्र तुम्ही विकलं, जबाबदारीही तुमची. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे कडू आहे. सरकारने दिलेला आकडा दुरुस्त करायचा अधिकार तिला नाही, पण भरपाई मात्र तिने द्यायची. तरीही मला हे निकाल योग्य वाटतात. ढगातल्या माणसाला तो आकडा तपासण्याचा कुठलाच मार्ग नसतो.

म्हणजे छापणाऱ्यावर जबाबदारी आली. वापरणाऱ्याचं काय? इथे अमेरिकेचा कायदा गमतीचा आहे. मोठ्या आणि जेट विमानांसाठी विमानात चार्ट असलेच पाहिजेत असा नियम आहे. लहान खासगी विमानाच्या पायलटला मात्र 'ताजा चार्ट बाळग' असं थेट शब्दांत सांगणारा नियम नाही. निघण्यापूर्वी त्या उड्डाणाबद्दल उपलब्ध असलेली सगळी माहिती करून घे, एवढंच नियम सांगतो. वाचायला ही सूट वाटते. पण काही बिघडलं की हाच नियम उलटतो. माहिती उपलब्ध होती ना? मग तुम्ही ती का पाहिली नाही? चार्टवर नसलेले तातडीचे बदल नोटॅम नावाच्या सूचनांमध्ये येतात. पूर्वी त्यातल्या बऱ्याचशा दर २८ दिवसांनी एका पुस्तकात छापल्या जायच्या आणि एकदा छापल्या की फोनवर हवामान सांगणारा अधिकारी त्या आपणहून वाचून दाखवत नसे. तुम्ही मागायच्या. मागायचं हे ज्याला माहीत, त्यालाच त्या मिळायच्या.

२००३ मध्ये उपग्रहांवरून उतरण्याची डब्ल्यूएएएस ही सुधारित सोय सुरू झाली आणि खासगी पायलटांचं जग बदललं. ज्या गावच्या धावपट्टीवर आयएलएसचा खर्च कधीच परवडला नसता तिथेही तितक्याच खाली येता येऊ लागलं. अशा ॲप्रोचची संख्या आता आयएलएसपेक्षा कितीतरी जास्त आहे. मात्र कागदाबरोबर जीपीएसमधला डेटाही दर २८ दिवसांनी बदलायचं काम वाढलं. कार्ड काढा, लॅपटॉपला जोडा, भरा, परत हँगरमध्ये जाऊन बसवा. वर्षाचे काहीशे डॉलर त्यात जातात.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि बाइंडर गेले. सरकारी चार्टवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे फोरफ्लाइटसारख्या ॲपना ते घेऊन विकता आले. आठ-दहा किलोची बॅग मांडीवरच्या एका पाटीत मावली. २०११ मध्ये या डिजिटल चार्टसाठी शुल्क आकारायचा विचार एफएएने मांडला तेव्हा खासगी पायलटांच्या संघटना खवळल्या. जनतेच्या पैशाने मोजलेली टेकडी जनतेलाच परत का विकायची, असा त्यांचा मुद्दा होता. आजही ते चार्ट एफएएकडून कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. समासात उभ्या ओळीत लागू असण्याच्या दोन तारखा असतात. त्या पाहायला पैसे पडत नाहीत, लक्ष मात्र द्यावं लागतं. टॅबलेटवर सगळं आपोआप होतं असं वाटतं, पण हँगरमध्ये वायफाय नसतं, घरी 'डाउनलोड' दाबायचं राहून जातं, आणि विमानात बसलेल्या जीपीएसमधला डेटा जुना असताना मांडीवरचा चार्ट नवा असतो. दोन चार्ट एकाच बाइंडरमध्ये राहून जायचे, तोच घोळ नव्या कपड्यांत.

धंद्याची कथा लवकर सांगतो. जेपेसनने १९६१ मध्ये कंपनी टाइम्स मिरर या वर्तमानपत्रवाल्या कंपनीला विकली. २००० मध्ये बोइंगने ती दीड अब्ज डॉलरला घेतली, २०१९ मध्ये फोरफ्लाइटही घेतलं. २०२५ मध्ये या दोन्हींसह आपला डिजिटल धंदा थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीला १०.५५ अब्ज डॉलरला विकायचा करार केला. दहा सेंटच्या वहीची ही किंमत. जेपेसन १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये, ८९ व्या वर्षी वारला. आपल्या नावाचं टर्मिनल उघडलेलं त्याने आदल्या वर्षी पाहिलं होतं.

अठ्ठावीस दिवसांच्या हिशोबाने वर्षात तेरा फेऱ्या बसतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, त्यामुळे तारीख दरवर्षी एक-दोन दिवस मागे सरकते आणि वीसेक वर्षांतून एकदा चौदावी फेरी येते. ते वर्ष होतं २०२०. पहिली फेरी २ जानेवारीला आणि शेवटची ३१ डिसेंबरला. मधल्या काळात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. विमानं वाळवंटात रांगेने उभी होती, आपल्यापैकी कित्येकांना भारतात आईवडिलांकडे जाता येत नव्हतं. चार्ट मात्र त्या वर्षी चौदा वेळा बदलले.